तेलबुधलीची चारशे बारा उत्तरं

१

बातमी आली तेव्हा उसवणबाई एका जाड कोटाच्या अस्तरात कोपरापर्यंत हात घालून बसल्या होत्या. फोनवर अनोळखी नंबर होता. गिऱ्हाईक असेल म्हणून त्यांनी तो खांद्याने कानाला दाबून धरला.

"मावशी, तुम्ही मला ओळखत नाही," पलीकडून एक बाई म्हणाली. "मी तेलबुधलींची मुलगी."

बाईंनी ब्लेड खाली ठेवलं.

तेलबुधली म्हणजे शिलाई मशीनचे मिस्त्री. बाईंनी त्यांना जन्मात कधी पाहिलं नव्हतं, पण हा शेवटचा महिना सोडला तर चौदा वर्षांत त्यांच्याशिवाय एक दिवस गेला नव्हता. दोघंही ‘धावदोरा’वरचे. धावदोरा हा शिवणकाम करणाऱ्यांचा इंटरनेटवरचा गप्पांचा कट्टा. सोळा वर्षांपूर्वी सुईदोऱ्याच्या एका दुकानदाराने तो आपल्या गिऱ्हाइकांसाठी सुरू केला आणि बघता बघता तो हजारोंचा झाला. तिथे खरं नाव कोणी लावत नाही. लोकांचे ढगळ कपडे उसवून अंगाबरोबर करून देणाऱ्या या बाई तिथे ‘उसवण’ होत्या, आणि पुढे पुढे घरीदारीही उसवणबाईच झाल्या. मिस्त्री ‘तेलबुधली’, कारण प्रश्न कोणताही असो, त्यांचं उत्तर "आधी तेल घाला" असं सुरू व्हायचं आणि कोणाची तरी अक्कल काढून संपायचं. सगळे त्यांना बुधलीकाका म्हणत.

"काकांना काही झालं का?" बाईंनी विचारलं.

"तब्येत बरी आहे. पण बोलत नाहीत. काल पाहिलं तर हत्यारांची पेटी माळ्यावर टाकलेली. खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी फोन पुढे केला. थांबा, वाचून दाखवते." मुलीचा आवाज कोरडा झाला. "‘सदस्यांच्या तक्रारींमुळे आपली चारशे बारा उत्तरे लपवण्यात आली आहेत. तीस दिवसांनंतर ती कायमची पुसली जातील.’ हा मेसेज येऊन आज सव्वीस दिवस झाले. मंगळवारी दुपारी बाराला सगळं जाणार."

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आज शुक्रवार होता.

"मावशी, तीन वर्षांपूर्वी बाबांचे हात थरथरायला लागले. स्क्रू धरता येईना, म्हणून दुकान बंद केलं. तेव्हापासून फोनवर बोलून बोलून उत्तरं लिहितात. तेच त्यांचं दुकान. आता म्हणतात, चारशे वेळा लोकांनी तोंड बंद कर म्हणून सांगितलं, तर माणसाने करावं."

"कोणी केलं हे?"

"मी तेच शोधा असं म्हणणार होते. पण बाबांना ते नकोच आहे. ते एकच विचारतात. एवढ्या लोकांना मी नकोसा होतो, तर चौदा वर्षांत कोणी बोललं का नाही?"

बाईंनी मुलीला सोमवारपर्यंत थांब म्हणून सांगितलं आणि कोट तसाच बाजूला सारला.

२

बाईंचा धंदाच असा की कपडा हातात आला की तो कोणी शिवला, घाईत की निवांतपणे, हे त्यांना टाक्यावरून कळायचं. उसवण्याचा त्यांचा पहिला नियम होता, ओढायचं नाही. दोरा कुठे सुरू झाला ते आधी बघायचं. म्हणून त्यांनी सगळ्यात आधी धावदोरा उघडला.

महिन्याभरापूर्वी कट्टा नव्या साइटवर गेला तेव्हापासून त्यांना तिथे परक्याच्या घरी आल्यासारखं वाटत होतं. त्यांची ‘वही’ कोरी झाली होती. प्रत्येक जुन्या सदस्याची अशी एक वही असे, कामाची उत्तरं जपून ठेवण्याची जागा. ती सगळ्यांचीच गेली होती. चार दिवस सगळ्यांनी बोंब मारली आणि मग सवय झाली.

वातावरणही बदललं होतं. पूर्वी सकाळी कोणीतरी काडी टाकायचं. मशीनला तेल रोज घालावं की आठवड्याने? तयार बाही विकत आणणारा शिंपी म्हणावा का? की संध्याकाळपर्यंत नुसती धुळवड. पण त्या धुळवडीत तुमचं मशीन चालू होऊन जायचं. कोणी कोणाला शाबासकी देत नसे, ती पद्धतच नव्हती. चुकलं नाही म्हणजे बरोबर आहे, एवढंच. आता नवी मंडळी आली होती. ती हसरे चेहरे टाकत, ‘खूप छान माहिती’ म्हणत, आणि माहिती वाचली की नाही ते देवालाच ठाऊक. शांतता मात्र झाली होती, आणि बाईंना कधी कधी ती आवडतही होती. हे त्या कबूल करत नसत.

दुपारी त्या सुईदोऱ्याच्या दुकानात गेल्या. कट्टा सुरू करणारे दुकानदार आठ महिन्यांपूर्वी वारले होते. त्यांना कट्ट्यावर सुईदोरे म्हणत. आता मुलगा बसत होता. भिंतभर बटणांचे खण, प्रत्येक खणावर एक बटण टाचून लावलेलं. ते काम बापाचं होतं.

"काकू, मला वाईट नाही का वाटत?" मुलगा म्हणाला. "बुधलीकाका बाबांचे मित्र. पण म्हणूनच हात बांधलेत. एक हजार नऊशे सदतीस तक्रारी आल्यात! एका उत्तरावर तीन तक्रारी आल्या की ते आपोआप लपतं, असा नव्या साइटचा नियम आहे. मी तो काकांसाठी मोडला तर लोक म्हणतील, पोराने गादीवर बसताच वशिला लावला."

"तक्रारी कधी आल्या?"

"नवी साइट उघडली त्याच रविवारी. सकाळी उघडली, जुना माल भरता भरता दुपार झाली, आणि बारा वाजून चार मिनिटं ते बारा आठ. चार मिनिटांत सगळ्या. लोक जणू दबा धरून बसले होते."

"माल तू भरलास?"

"छे. नव्या कंपनीच्या माणसांनी. मी एवढंच सांगितलं, बाबांच्या साइटवरची टाचणीसुद्धा मागे ठेवायची नाही."

"आणि तुझे बाबा तक्रारींचं काय करायचे?"

मुलगा पहिल्यांदाच हसला. "ते दुकान उघडायच्या आधी रोज तक्रारी वाचत बसायचे. एकेक, हाताने. आणि गंमत म्हणजे हसायचे. मी विचारायचो, तक्रारी वाचून कोण हसतं? तर म्हणायचे, तू शिवत नाहीस, तुला नाही कळायचं."

बाई दारात थबकल्या. हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात टाचून ठेवलं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "तक्रार करणाऱ्यांची नावं?" त्यांनी विचारलं.

"ती मला दिसत नाहीत. मीच तशी सोय करून घेतली. ती फक्त नियमवालीला दिसतात," मुलगा म्हणाला. "आणि काकू, तिचं आणि काकांचं काय आहे ते तुम्हाला माहीत आहेच."

३

माहीत कसं नसेल? नियमवाली ही कट्ट्याची नवी राखणदार. सौजन्याचे अकरा नियम तिनेच लिहिले होते आणि त्यातल्या सहाव्याखाली बुधलीकाकांना तीनदा समज दिली होती. काकांनी त्यावर लिहिलं होतं, "नियमांनाही तेल घाला, कुरकुरतात."

ती शिवणाचा क्लास चालवायची. शनिवारी सकाळी बाई पोचल्या तेव्हा बारा मशीन रांगेत घडघडत होती आणि ती प्रत्येकीच्या खांद्यावरून वाकून बघत होती. वय तीस-बत्तीस. बोलणं मऊ, नजर कात्रीसारखी.

"तुम्हाला वाटतं मी केलं," बाई बसायच्या आतच ती म्हणाली.

"वाटायला काय लागतं? तुम्ही सांगा."

तिने क्लासचं दार ओढून घेतलं. "काकू, नऊ वर्षांपूर्वी मी कट्ट्यावर पहिला प्रश्न विचारला. दोरा सारखा तुटतो, काय करू? काकांनी हजारो लोकांसमोर लिहिलं, ‘दोरा तुटत नाही बाई, तो तुमच्यापासून पळून जातो.’ लोक दोन दिवस हसत होते. मी आठवडाभर मशीनला हात लावला नाही. म्हणून नियम केले, दुसऱ्या कोणावर ती पाळी येऊ नये म्हणून. त्यात माझं काही चुकलं?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासून वाटलं. त्या दोन दिवसांत हसणाऱ्यांत त्याही होत्या.

"पण तक्रार मी केली नाही. करावीशी वाटली तर मला तक्रारीची गरजच नाही, मी थेट पुसू शकते. आणि पुसायचंच असतं, तर आधी कोणतं पुसलं असतं?" तिने फोन उघडून पुढे धरला. "हे बघा. पळून जाणारा दोरा. अजून जिथल्या तिथे आहे."

बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. खरंच होतं.

"गंमत सांगू?" नियमवाली म्हणाली. "त्यानंतर तासाभराने त्यांनी नीट उत्तरही दिलं होतं. बॉबिनच्या डबीवर चरा पडलाय, बारीक पॉलिशपेपरने घास. तसं केलं आणि दोरा आजतागायत तुटला नाही. ते उत्तर मात्र गेलं."

बाईंनी तिच्याच फोनवर काकांची उरलेली उत्तरं चाळायला सुरुवात केली. ‘मशीन विकून पोळपाट घ्या.’ शाबूत. ‘आपले डोळे कोणत्या कपाटात ठेवले आहेत?’ शाबूत. पण मोटारीचा जळका वास, घसरणारा पट्टा, सैल पडलेले दाते, जे जे खरोखर कामाचं होतं, ते एकही दिसेना.

"हा कसला शत्रू?" त्या पुटपुटल्या. "शिव्या ठेवल्या आणि शहाणपण नेलं."

नियमवालीने फोन परत घेतला. "नावं सांगणं नियमात बसत नाही. पण एक सांगते, नाहीतर तुम्ही मलाच धरून बसाल. सगळ्यात जास्त तक्रारी एकाच माणसाच्या आहेत. दोनशे चौदा."

"कोण?"

"डागवाले."

४

डागवाल्यांचं धुलाईचं दुकान होतं. बुधलीकाकांशी त्यांचा वाद बारा वर्षं चालू होता, आणि तो एकाच थेंबावरून. काका म्हणत, मशीनला रोज एक थेंब तेल. डागवाले म्हणत, आठवड्याला एक पुरे, कारण तुमच्या रोजच्या थेंबाचे डाग शेवटी माझ्या दुकानात येतात. दोघांनी एकमेकांना इतकं पाण्यात पाहिलं होतं की लोक गमतीने म्हणत, एक दिवस दोघांना सर्दी होणार.

शनिवारी संध्याकाळी बाई गेल्या तेव्हा डागवाले, पासष्टीचे, किडकिडीत, एका पांढऱ्या सदऱ्यावर वाकून काहीतरी चोळत होते. नाकावरून काळा चष्मा सरकत होता.

"तुम्ही दोनशे चौदा तक्रारी केल्यात," बाईंनी आडपडदा ठेवला नाही.

म्हाताऱ्याचा हात थांबला. "कोणाविरुद्ध?"

"बुधलीकाकांविरुद्ध."

"मी? तक्रार?" ते उभे राहिले. "बाई, मला त्या माणसाला तोंडावर गाढव म्हणता येतं, मी चोरून तक्रार कशाला करू? आणि कधी केली म्हणता?"

"महिन्यापूर्वीच्या रविवारी. दुपारी बारा वाजता."

"आदल्या दिवशी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याला पट्टी. मुलीने फोन काढून कपाटात कुलपात ठेवला, आठ दिवस. विचारा तिला." आतून कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या मुलीने न विचारताच होकार भरला.

बाईंना ते पटलं. खोटं बोलणारा माणूस इतका चिडत नाही, तो समजावत बसतो.

"उत्तरं गेली म्हणता?" डागवाले खाली बसले. "म्हणजे ते जळक्या मोटारीचं? ‘आधी वास घ्या, गोडसर असेल तर कार्बन, तिखट असेल तर तार’? आणि पायाच्या मशीनचा पट्टा पावसाळ्यात दोन बोटं कापायचा, ते?"

"तुम्हाला पाठ आहेत?"

म्हातारा वरमला. "पाठ कशाला? सगळी वहीत होती. नव्या साइटने वही खाल्ली माझी. एवढी वर्षं जमवलेली." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "आणि तो शहाणा महिनाभर गप्प आहे म्हणून मला वाटलं, ह्या खेपेला हरला! अहो, त्याला गप्प करून मी भांडू कोणाशी? ह्या ‘खूप छान माहिती’वाल्यांशी?"

घरी पोचायची वाट न बघता बाईंनी रस्त्यातच उभं राहून नियमवालीला फोन लावला. "सगळी नावं नकोत. एका उत्तराची द्या. चौदा वर्षांपूर्वीचं. उलट्या सुईचं."

ते उत्तर त्यांचं होतं. नवरा जाऊन दोन महिने झाले होते. चाळीस गणवेश सकाळी द्यायचे होते, आणि मशीन टाके गाळत होतं. त्यांनी रडत रडत प्रश्न टाकला होता, आणि एका अनोळखी मिस्त्रीने दहा मिनिटांत लिहिलं होतं, "आधी तेल घाला. मग सुई काढा, उलटी बसवली आहे. चपटी बाजू कुठे हवी ते मशीनला विचारा, शेजारणीला नको." गणवेश वेळेवर गेले. पुढची चौदा वर्षं त्या एका रात्रीवर उभी होती.

पलीकडे नियमवालीने यादी उघडली.

"काकू," नियमवाली म्हणाली, "म्हणूनच मी तुम्हाला यादी दाखवत नव्हते. तुम्हीच सगळीकडे विचारत फिरताय म्हटल्यावर मला कळेना काय समजावं. ह्या उत्तरावर तीन तक्रारी आहेत. पहिली तुमची आहे."

५

रविवारी बाईंनी दुकान उघडलं नाही. कोट समोर घेऊन त्या बसल्या, पण टाका पडेना.

तिन्ही नावं त्यांनी एका बिलाच्या पाठीवर लिहून घेतली होती. उसवण. डागवाले. आणि तिसरं नाव ऐकून तर त्यांनी नियमवालीला ते दोनदा वाचायला लावलं होतं. सुईदोरे.

सुईदोरे आठ महिन्यांपूर्वी गेले. त्या स्वतः पोचवायला गेल्या होत्या. महिन्यापूर्वीच्या रविवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी तक्रार करायला ते येणार कुठून?

मेलेला माणूस, डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस, आणि त्या स्वतः. त्या रविवारी त्या काय करत होत्या? बाईंनी नोंदवही काढली. एका नवरीचा झगा कंबरेत घ्यायला गेल्या होत्या, गिऱ्हाइकाच्या घरी, तोंडात टाचण्या धरून. फोन पिशवीत.

तिघांपैकी एकानेही त्या दुपारी बटण दाबलेलं नव्हतं. म्हणजे वेळ खोटी होती. वेळ खोटी, पण नावं? नावं खरी असली तर? तिघांनीही कधीतरी, दुसऱ्याच कुठल्या तरी दिवशी, ह्या उत्तरावर बोट ठेवलं होतं.

सुईदोरे रोज सकाळी तक्रारी वाचून हसायचे. तू शिवत नाहीस, तुला नाही कळायचं.

बाईंना आठवलं, आणि त्या रिकाम्या दुकानात मोठ्याने "अगं बाई" म्हणाल्या. उलट्या सुईचं उत्तर आलं त्या रात्री त्यांनी सुईदोऱ्यांना विचारलं होतं, हे हरवू नये म्हणून काय करू? त्यांचं उत्तर चौदा वर्षांनी शब्दन्‌शब्द समोर उभं राहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. गेले तीन दिवस त्या ज्या माणसाला शोधत होत्या, तो त्यांच्याच खुर्चीत बसला होता.

६

सोमवारी दुपारी सुईदोऱ्याच्या दुकानात चौघं जमली. मुलगा गल्ल्यामागे, नियमवाली स्टुलावर, डागवाले दाराशी. डागवाले आणि नियमवाली एकमेकांकडे बघत नव्हते.

"गुन्हा मी केलाय," उसवणबाई म्हणाल्या. "डागवाल्यांनीही केलाय. आणि तुझ्या बाबांनी तर सगळ्यांच्या आधी."

मुलाने मान वर केली.

"जुन्या साइटवर उत्तराखाली एकच बटण होतं. लाल झेंडी. तक्रारीसाठी. उत्तर जपून ठेवायची काही सोयच नव्हती. पण झेंडी दाबली की ते उत्तर आपल्या पानावर एका यादीत जाऊन बसायचं, तुम्ही केलेल्या तक्रारी म्हणून. मी तुझ्या बाबांना विचारलं, उत्तर जपायचं कसं? ते म्हणाले, ‘झेंडी दाबून टाका, यादीत राहील. तक्रारी मीच वाचतो, मला कळतं कोणती खरी.’ त्यांनी हे प्रत्येक नव्या माणसाला सांगितलं. त्या यादीला आम्ही वही म्हणायला लागलो, आणि ती मुळात तक्रारीची होती हे विसरूनही गेलो."

"बाबा हसायचे," मुलगा हळूच म्हणाला.

"हसायचेच. रोज सकाळी त्यांना दिसायचं, काल कोणाचं कोणतं उत्तर लोकांनी उचलून घरी नेलं. मग तू सांगितलंस, टाचणीही मागे ठेवू नका. त्यांनी ठेवली नाही. सोळा वर्षांच्या झेंड्या चार मिनिटांत आत ओतल्या, आणि सगळ्यांवर त्या दिवसाची वेळ पडली. नव्या साइटला वहीबिही कुठे माहीत? तिला तक्रारी दिसल्या. तीन मोजल्या की लपवलं. जे उत्तर जास्त लोकांना आवडलं, ते आधी गेलं."

नियमवालीने तोंडावर हात ठेवला. "म्हणून शिव्या राहिल्या."

"शिव्यांना कोण वहीत ठेवतं? आणि तुमच्या बॉबिनच्या डबीचं उत्तर गेलं. त्यावर एक तक्रार तुमचीच असेल, बघा."

ती फोनमध्ये शोधू लागली. तिच्या चेहऱ्यावरून उत्तर कळलं. "आहे," ती म्हणाली. "मी दाबलं होतं. मलाही वहीत ठेवायला कोणीतरी असंच शिकवलं होतं. स्वतःचं नाव मी शोधलंच नाही."

"पण फक्त बुधलीचंच का गेलं?" डागवाल्यांनी विचारलं.

"फक्त त्यांचंच नाही. मी काल रात्रीपर्यंत शोधलं. माझी सहा गेलीत, तुमची अकरा. पण सहा-अकराच्या मेसेजकडे कोणाचं लक्ष जातं? काकांची चारशे बारा होती."

मुलाने बटणांच्या खणांकडे पाहिलं. "म्हणजे बाबांचीही वही आहे आत," तो म्हणाला. "त्यांनी काय काय जपलं, ते सगळं."

"आहे. उद्या बारापर्यंत."

त्याने कंपनीला फोन लावला. ह्या खेपेला त्याचा आवाज वशिल्याचा वाटला नाही, मालकाचा वाटला.

७

मंगळवारी सकाळी, उत्तरं परत आल्यावर, बाई बुधलीकाकांच्या घरी गेल्या. मुलीने दार उघडलं. काका खिडकीपाशी बसले होते, हात मांडीखाली दाबून, थरथर दिसू नये म्हणून. एवढं तिखट लिहिणारा माणूस इतका लहानखुरा असेल असं बाईंना वाटलं नव्हतं.

"मी उसवण," त्या म्हणाल्या. "तुमच्याविरुद्धची तक्रारींची यादी आणलीय. छापून. वाचा."

"वाचून काय करू?" काका म्हणाले.

"आधी ऐका तर." आणि बाईंनी झेंडीची, वहीची, सुईदोऱ्यांची सगळी हकीकत सांगितली. काका ऐकत होते, आणि मधेच त्यांनी एक हात मांडीखालून काढला आणि कागदांवर ठेवला. कागद फडफडले. मुलीने ते धरले.

"उलटी सुई," काकांनी वाचलं. "उसवण, डागवाले, सुईदोरे." पान उलटलं. "घसरणारा पट्टा. बावीस जण." पुढचं पान. पुढचं. मग ते थांबले. "हा दोनशे चौदा?"

"तुमचा शत्रू. बारा वर्षं दिवसा भांडायचा आणि मग तुमचंच उत्तर वहीत ठेवायचा."

काकांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "मग बोलला का नाही मेला?" ते म्हणाले. "कोणीच कसं बोललं नाही?"

"ती पद्धतच नव्हती हो काका. आमचं चुकलं."

मग त्यांनी विचारलं, "माझी नुसती टोचून बोललेली उत्तरं कोणी ठेवली होती?"

"एकही नाही."

काकांनी हे मनात ठेवून घेतलं. "त्या दोऱ्यावाल्या मुलीला सांगा," ते म्हणाले, "तेवढं पुसून टाक म्हणावं. मी तिला तसं बोलायला नको होतं."

नियमवालीने ते पुसलं नाही. तिने त्याखाली बॉबिनच्या डबीचं उत्तर जोडलं, म्हणजे यापुढे वाचणाऱ्याला दोन्ही एकत्र दिसतील. जपून ठेवण्यासाठी तिने एक वेगळं हिरवं बटणही करून घेतलं, आणि तीन तक्रारींचा आपोआप लपवण्याचा नियम काढून टाकला. आता ती रोज सकाळी क्लास उघडण्याआधी तक्रारी स्वतः वाचते. जुनी खोडं अजूनही सवयीने लालच दाबतात, म्हणून तिला प्रत्येकाला फोन करून विचारावं लागतं.

माळ्यावरची पेटी खाली आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या यादीत पहिली झेंडी होती ती तेलबुधलींची. डागवाल्यांच्या बारा वर्षांपूर्वीच्या वाक्यावर, तेल आठवड्याला एकदा पुरे.

तिने काकांना फोन लावला. "काका, ही वहीत ठेवायची म्हणून दाबलीत, की खरी तक्रार आहे?"

"तक्रारच आहे," बुधलीकाका म्हणाले. "पण पुसू नका."